फणिवरबंधना, करवंटी आणि रॉटरडॅमचा इरॅस्मस

मागच्या अंकात एका मुलीच्या स्कॉलरशिपच्या प्रश्नाला उत्तर देताना मी ‘इरॅस्मस हा पाचशे वर्षांपूर्वीचा मोठा मानवतावादी पंडित’ असं एक वाक्य टाकून पुढे गेले, आणि ते एक वाक्य मला चांगलंच महागात पडलं. यंदा आमच्याकडे मोहोर जेमतेम, पण पत्रांना मात्र बहर आलाय. म्हणून या वेळी दुसरे सगळे प्रश्न (कोकम सरबताला बुरशी का येते वगैरे) पुढच्या अंकात, आज फक्त हे बुवा.

प्रश्न : ती स्कॉलरशिप मिळालेली मुलगी माझीच. वाडीत जो तो विचारतो इरॅस्मस म्हणजे काय, गाव की कंपनी. सासूबाई तर ‘ती अरसमरसला चाललीये’ असं सांगत सुटल्यात. नीट चार ओळींत सांगाल का? (गुहागर)

चार ओळींत नाही जमणार ताई, पण प्रयत्न करते. आधी मुलीचं अभिनंदन. युरोपातल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या देशात जाऊन शिकावं म्हणून १९८७ साली तिकडे एक योजना निघाली, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ‘इरॅस्मस’ होईल अशी सोय केली, आणि त्यामागे डोळ्यासमोर होता तो हा माणूस, कारण हा आयुष्यभर एका जागी टिकलाच नाही. हॉलंड, पॅरिस, लंडन, केंब्रिज, इटली, लूव्हें (आजच्या बेल्जियमात), बाझेल (आजच्या स्वित्झर्लंडात), फ्रायबुर्ग (जर्मनीत). आपले चाकरमानी निदान गणपतीला तरी घरी येतात, हा रॉटरडॅमला परत राहायला कधी गेलाच नाही आणि तरी नावापुढे ‘रॉटरडॅमचा’ असं मिरवत राहिला.

जन्म रॉटरडॅमचाच, १४६६ चा की १४६९ चा यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण त्याने स्वतःच वेगवेगळी वर्षं सांगून ठेवलीत. बाप पाद्री होता, म्हणजे लग्न करायची मुभा नाही, म्हणजे हे पोर अनौरस, आणि त्या काळात तो शिक्का पुसायला पोपकडून माफीपत्र आणावं लागायचं, ते याला मिळालं १५१७ मध्ये, तोवर जगभर नाव झालेलं. आईबाप दोघंही प्लेगच्या साथीत गेले, पालकांनी मुलाला मठात ढकललं, १४९२ मध्ये तो पाद्री झाला. मठात मन रमेना. मग एका बिशपचा सेक्रेटरी, मग पॅरिसला शिकायला, मग श्रीमंत पोरांच्या शिकवण्या. ग्रीक शिकायला त्याने तिशी ओलांडल्यावर जोर लावला, आणि एका मित्राला लिहिलं की पैसे हातात आले की आधी ग्रीक पुस्तकं घेणार, मग कपडे. मुलीला एवढं सांगा, पण आधी थंडीचे कपडेच घे म्हणावं.

मरण बाझेलला, जुलै १५३६ मध्ये. सासूबाईंना सांगा, अरसमरस म्हटलं तरी तो रागावला नसता, फार तर टीप लिहिली असती.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मानवतावादी म्हणजे दीनदुबळ्यांची सेवा करणारा असं मी तीस वर्षं वर्गात शिकवत आलो. या गृहस्थाने कुणाची सेवा केली? जुनी पुस्तकं तपासून छापली म्हणून इतका मोठा? (देवगड)

गुरुजी, शब्दाचाच घोळ आहे. त्या काळचा मानवतावादी म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास, नीती हे विषय जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांतून शिकणारा नि शिकवणारा माणूस. सेवाबिवा नंतरची. पण ‘जुनी पुस्तकं तपासून छापली’ हे तुम्ही जे सहज म्हणालात ना, त्यात किती दारू भरलेली होती ते सांगते, आणि त्यासाठी आधी आमच्या घरातली गोष्ट.

आमच्याकडे गणपतीत आरत्या तासभर चालतात, झांजा, टाळ, मृदंग, शेजारची दहा माणसं, आणि लहानपणापासून मी ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ असंच ओरडत आले. त्यात मला कधी काही खटकलंही नाही, कारण आमचा गणपती माटवीखाली खरोखर फळीवरच बसतो! पुढे कॉलेजात असताना चुलतभावाने पुस्तक उघडून दाखवलं, ‘फणिवरबंधना’, म्हणजे पोटाला नाग बांधलेला. तसंच ‘संकष्टी पावावे’ नाही, ‘संकटी पावावे’. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहात सगळ्यांना सांगितलं तर काका म्हणाले, ‘चाळीस वर्षं फळीवर म्हणतोय, बाप्पाला कळतंय, तू गप आरती धर.’

आता हे ऐका. इरॅस्मसने १५१६ च्या एका पत्रात एका पाद्र्याचा किस्सा सांगितलाय. प्रार्थनेत शब्द होता ‘सुम्प्सिमुस’, म्हणजे ‘आम्ही ग्रहण केलं’. हा म्हातारा वर्षानुवर्षं ‘मुम्प्सिमुस’ म्हणायचा, ज्याला काही अर्थच नाही. कुणीतरी चूक दाखवली तर म्हणे इतकी वर्षं म्हणतोय, आता बदलणार नाही. इंग्रजीत हटवादी चुकीला आजही मुम्प्सिमुस म्हणतात. मी हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचे काकाच दिसले, गळ्यात उपरणं घातलेले.

तर मुद्दा असा की त्या काळचा युरोप हजार वर्षं बायबल लॅटिन भाषांतरातून वाचत होता. त्यातला नवा करार, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा भाग, मूळचा ग्रीकमध्ये. हाताने नकला करता करता चुका शिरलेल्या. लोरेंझो व्हाल्ला नावाच्या इटालियन पंडिताने लॅटिन ग्रीकशी ताडून टिपा काढल्या होत्या, त्याचं हस्तलिखित इरॅस्मसला १५०४ मध्ये लूव्हेंजवळच्या एका मठात सापडलं, त्याने ते छापलं आणि मग स्वतःच त्या कामाला भिडला. १५१६ मध्ये बाझेलला योहान फ्रोबेनच्या छापखान्यातून ग्रीक नवा करार आणि शेजारी त्याचं स्वतःचं सुधारलेलं लॅटिन असं पुस्तक बाहेर पडलं, बाजारात विकायला आलेला पहिला छापील ग्रीक नवा करार. अर्पण कुणाला, तर खुद्द पोपला. हुशार माणूस.

एक उदाहरण देते. लॅटिनमध्ये जो शब्द होता त्याचा अर्थ लोक ‘प्रायश्चित्त करा’ असा घ्यायचे, म्हणजे पाद्र्याकडे जा, पाप सांगा, दंड भरा. इरॅस्मस म्हणाला ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मन पालटा, भानावर या’ असा आहे. एका क्रियापदाचा फरक, पण त्या क्रियापदावर केवढा धंदा उभा होता बघा. १५१७ मध्ये ल्यूथर या जर्मन पाद्र्याने चर्चच्या कारभाराविरुद्ध जी ९५ विधानं काढली त्यातलं पहिलंच या शब्दावर आहे.

आणि आता त्याची फजिती, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. काम भयंकर घाईत झालं. त्याच्याकडे ग्रीक हस्तलिखितं जेमतेम अर्धा डझन, फार जुनी नाहीत, त्यातल्या एकावर त्याने थेट शाईने दुरुस्त्या करून ते खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात दिलं (ती प्रत बाझेलच्या विद्यापीठात अजून आहे). शेवटचा भाग, प्रकटीकरण, त्याची एकच प्रत हाताशी, उसनी आणलेली, आणि तिचं शेवटचं पानच गायब! सहा ओव्या नाहीत. मग या पठ्ठ्याने काय केलं, लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये स्वतःच भाषांतर करून ती जागा भरली. म्हणजे ज्या लॅटिनच्या चुका काढायला निघाला त्याच लॅटिनवरून मूळ ग्रीक ‘तयार’ केलं.

आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे आपली करवंटी. गुरुजी, इरॅस्मसने ताटात सहा करवंट्या ठेवल्या. त्याने टिपांमध्ये ते कबूल केलं हे खरं, पण टिपा वाचतो कोण. पुढे नकला झाल्या त्या त्याच्या ग्रीकच्या. त्यातली एक गंमत अशी की ग्रीक प्रतींमध्ये ‘जीवनाचं झाड’ आहे, लॅटिनमध्ये झाड म्हणजे ‘लिग्नो’, कुण्या नकलाकाराने ते ‘लिब्रो’ केलं, म्हणजे पुस्तक, इरॅस्मसने तेच ग्रीकमध्ये उतरवलं, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात झाडाच्या जागी पुस्तक येऊन बसलं ते बसलंच. तिकडची फळीवर वंदना.

उलट जिथे त्याने बरोबर केलं तिथे शिव्या खाल्ल्या. त्रैक्याबद्दलचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) एक प्रसिद्ध वाक्य त्याला ग्रीक प्रतींत सापडेना, त्याने गाळलं. केवढा दंगा! मग अचानक इंग्लंडात ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत ‘सापडली’, बहुधा नुकतीच लिहिलेली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते वाक्य घातलं, वर टीप मारली की ही प्रत लॅटिनवरून दुरुस्त केल्याचा संशय येतो.

मला विचाराल तर त्याचं मोठेपण यातच आहे. पहिली आवृत्ती संपादित केली म्हणण्यापेक्षा उरकली, असं त्याने स्वतःच लिहिलंय, आणि मग मरेपर्यंत आणखी चार आवृत्त्या काढून दुरुस्त्या करत राहिला. आमच्या काकांनी अजून एकही केलेली नाही.

हो, आणि प्रस्तावनेत त्याने इच्छा लिहिली की नांगर धरणाऱ्याने, मागावर बसलेल्या विणकराने ही वचनं गुणगुणावीत, बायांनीही वाचावीत. आपल्याकडे जात्यावर ओव्या होत्याच. फक्त त्याने ही इच्छा लिहिली लॅटिनमध्ये, जी ना नांगरणाऱ्याला येत होती ना विणकराला. ज्ञानोबा आणि नाथ याबाबतीत चार पावलं पुढे होते असं मी म्हणणारच. लोकांच्या भाषेत आणायचं काम दुसऱ्यांनी केलं, त्याच्या १५१९ च्या ग्रीक आवृत्तीवरून ल्यूथरने जर्मन केलं, पुढे त्याच्याच ग्रीकवरून टिंडेलने इंग्रजी.

प्रश्न : तुमच्या त्या इरॅस्मसाक मासो चलत नाय हुतो म्हणतत, ता खरा काय? ज्येका मासो चलना नाय तो शाणो कसो म्हणूचो? (मालवण, मासळी बाजार)

काकी, खरं आहे. माशाच्या नुसत्या वासाने त्याला कसंतरी व्हायचं, आणि उपासाच्या दिवशी मांस बंद, मासेच खा असा चर्चचा नियम, त्यामुळे बिचाऱ्याचे हाल. माझं हृदय कॅथलिक पण पोट ल्यूथरचं, असा विनोद त्याच्या नावावर सांगतात. पण जरा त्याची बाजू घेते. तुम्ही विकता तो पहाटे रापणीतून आलेला फडफडीत बांगडा. त्याच्या नशिबात खारवलेला हेरिंग, नाहीतर लाकडासारखा वाळवलेला कॉड, तोही समुद्रापासून शेकडो मैल आत पॅरिसच्या वसतिगृहात, जिथे कुजकी अंडी वाढायचे आणि जिथून तो दुखणं घेऊनच बाहेर पडला. ही सगळी मळमळ त्याने १५२६ मध्ये एका संवादात ओकलीये, खाटीक आणि खारी मासळीवाला यांचा वाद, आणि त्यात दोघं मिळून चर्चच्या नियमांची सालटी काढतात. पंडितांच्या तोंडून नव्हे, बाजारातल्या दोन माणसांच्या तोंडून. हे मला फार आवडतं.

एक मात्र रागावू नका. १५३० मध्ये त्याने मुलांसाठी शिष्टाचाराचं छोटं पुस्तक लिहिलं, ते युरोपभर शाळांत चाललं. त्यात लिहिलंय की टोपीला किंवा कपड्याला नाक पुसणं हे गावंढळ, आणि दंडाला नाहीतर कोपराला पुसणं ही खारी मासळी विकणाऱ्यांची रीत! त्याला एकदा तुमच्या बाजारात आणून उभा करायला हवा होता, पुढचं तुम्ही बघितलंच असतं.

प्रश्न : पँडोराचा बॉक्स हा शब्द त्याच्या चुकीमुळे आला असं एका रीलमध्ये पाहिलं. खरं का? आणि त्याने म्हणींचं पुस्तक लिहिलं होतं ना? (दापोली, एफवायबीए)

रील या वेळी खरं बोलतंय. ग्रीक कवी हेसिअडच्या गोष्टीत पँडोरा उघडते तो रांजण, धान्य किंवा तेल ठेवायचा मोठा मातीचा. इरॅस्मसने लॅटिनमध्ये गोष्ट सांगताना त्याची केली डबी. तुझ्या आजीच्या माजघरातला रांजण आणि तिची कुंकवाची डबी यात जेवढा फरक तेवढा, पण जग आजही डबीच उघडतंय.

म्हणींचं पुस्तक म्हणजे ‘अडाजिया’. त्याची सुरुवात पैशाच्या तंगीतून झाली. १५०० च्या जानेवारीत इंग्लंडहून परत निघताना डोव्हर बंदरावर कस्टमवाल्यांनी त्याचे जवळजवळ सगळे पैसे काढून घेतले, नाणी देशाबाहेर न्यायला बंदी होती. पॅरिसला कफल्लक पोचला आणि झटपट विकेल असं काहीतरी म्हणून आठशेच्या वर ग्रीक-लॅटिन म्हणी अर्थासकट जमवून छापल्या. १५०८ मध्ये व्हेनिसला आल्डस मानुशियसच्या छापखान्यात त्या तीन हजारांवर गेल्या (तिथे तो एका बाजूला बसून लिहितोय आणि दुसऱ्या बाजूला कामगार ओले कागद काढतायत असं चालायचं) आणि तो मेला त्या वर्षी ४,१५१ झाल्या होत्या.

तुला गंमत म्हणून दोनचार. ‘आंधळ्यांच्या देशात काणा राजा’ ही त्यात आहे, आपली वासरात लंगडी गाय शहाणी. ‘अथेन्सला घुबडं नेणं’, म्हणजे आपण देवगडला हापूस पाठवणं. ‘ज्यांनी पाहिलं नाही त्यांना युद्ध गोड’, आपण म्हणतो युद्धस्य कथा रम्या, आणि या एका म्हणीवर त्याने राजेलोकांना झोडपणारा अख्खा निबंध लिहिला. आणि ‘सावकाश घाई कर’, ज्याचं चित्र म्हणून आल्डसच्या पुस्तकांवर जहाजाच्या नांगराभोवती गुंडाळलेला डॉल्फिन असायचा. तुमच्या मुरूड-हर्णैला होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात ना, पुढच्या वेळी नांगर टाकला की आठव.

प्रश्न : शेवटी तो ल्यूथरच्या बाजूचा की पोपच्या? सरळ सांगा. (अलिबाग)

सरळ सांगायचं तर दोघांनी त्याला आपला मानला नाही. लोक म्हणायचे इरॅस्मसने अंडं घातलं, ल्यूथरने उबवलं. त्यावर तो म्हणाला, मी घातलं ते कोंबडीचं अंडं, ल्यूथरच्या अंड्यातून भलताच पक्षी निघाला. पाद्र्यांचा लोभ, संतांच्या हाडा-कपड्यांच्या अवशेषांचा बाजार, मठातली थेरं यांची टिंगल त्याने ल्यूथरच्या आधीच केली होती, १५११ च्या ‘मूर्खपणाची स्तुती’मध्ये, जे त्याने लंडनला थॉमस मोर या मित्राच्या घरी लिहिलं. पण चर्च फोडायला तो तयार नव्हता. १५२४ मध्ये माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असं त्याने मांडलं, पुढच्या वर्षी ल्यूथरने त्याला नाही म्हणून झोडपलं. बाझेल प्रोटेस्टंट झालं, म्हणजे पोपला न मानणाऱ्या नव्या पंथाकडे गेलं, तेव्हा १५२९ मध्ये तो फ्रायबुर्गला निघून गेला, शेवटी परत बाझेललाच येऊन मेला, आणि हा कॅथलिक पाद्री पुरला गेला प्रोटेस्टंटांच्या कॅथिड्रलमध्ये. १५५९ मध्ये पोपने बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली त्यात याची सगळीच्या सगळी पुस्तकं.

काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला नाही वाटत, दोन्ही पार्ट्यांच्या शिव्या खात मध्ये उभं राहायला काय लागतं ते ग्रामपंचायतीची निवडणूक बघितलेल्या माणसाला सांगायला नको. पण त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ज्यूंबद्दल त्याने पत्रांत जे लिहिलंय ते शांततेचे धडे देणाऱ्या माणसाला शोभत नाही, आणि स्वतःवर टीका झाली की हा तीनपानी उत्तर देणारच असा भांडखोर, म्हणजे माझ्याच जातकुळीचा.

प्रश्न : आमच्या वेंगुर्ल्याला डच वखारीचे पडके अवशेष आहेत. डच म्हणजे त्याच्याच गावचे. तर त्याचा आणि आपल्या किनाऱ्याचा काही संबंध लागतो का? (वेंगुर्ला)

ओढूनताणून लावायला मला आवडलं असतं, पण नाही लागत. तुमची वखार सतराव्या शतकातली, तो गेला त्याला तोवर शंभर वर्षं झालेली. मात्र त्याच डच दर्यावर्दींची एक गोष्ट सांगते, ती तुम्हा बंदरातल्या माणसाला आवडेल.

१५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच गलबतं पूर्वेकडे निघाली. त्यातल्या एकाचं आधीचं नाव ‘इरॅस्मस’, पुढे बदलून ‘दे लीफदे’ केलेलं, पण मागच्या बाजूला लावलेली इरॅस्मसची लाकडी मूर्ती तशीच राहिली, हातात गुंडाळी धरलेली. पाचातलं हे एकच १६०० च्या एप्रिलमध्ये जपानच्या किनाऱ्याला लागलं, आत उभं राहता येणारी माणसं मोजकीच उरलेली. गलबत गेलं, मूर्ती राहिली, आणि फिरत फिरत सानो नावाच्या गावातल्या बौद्ध देवळात पोचली. तिथल्या लोकांना कोण इरॅस्मस नि कसला ग्रीक नवा करार, त्यांनी तिला कातेकी-सामा म्हणून ठेवलं, म्हणजे पहिली होडी बांधणारा तो चिनी पुराणपुरुष. विसाव्या शतकात कुणीतरी गुंडाळीवरची पुसट अक्षरं लावली तेव्हा कळलं हा कोण ते. आता ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असते.

आयुष्यभर चुकीचे पाठ दुरुस्त करत बसलेला माणूस, आणि तीनशे वर्षं त्याला लोकांनी भलत्याच नावाने हात जोडले. आमच्या काकांना मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘मग? पावत होता ना?’